नोलीनची सातशे बारा वर्णनं

इन्व्हरकार्गिलच्या दूध संघात काहीही मोडायचं, बदलायचं किंवा रंगवायचं असलं की ते गाई आटल्यावर. जून लागला, म्हणजे इकडचा हिवाळा, की साऱ्या साउथलँडमधल्या गाई जवळजवळ एकदमच आटतात. टँकर आवारात ओळीनं उभे राहतात, ड्रायव्हर मासे पकडायला जातात आणि कारखान्यात हातोड्यांचे आवाज सुरू होतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाई व्यायला लागतात, की पुन्हा धावपळ. तेव्हा सॉफ्टवेअरचं अपग्रेडही जुलैतच करायचं ठरलं. संगणकाला गाईंचं काही पडलेलं नसतं. पण संघाचं कॅलेंडर गाईच ठरवतात, आणि खरं सांगायचं तर संचालक मंडळापेक्षा बरं ठरवतात.

हे अपग्रेड ज्या बाईच्या गळ्यात पडलं ती नोलीन डॅल्ग्लिश. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज टँकरच्या भोंग्याएवढा. विंटनच्या खाटकाची ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी संघाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. पुढे तिथं पहिला संगणक आला, तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नोलीन, तुझे हात स्वच्छ असतात. तू बस." एवढ्या पात्रतेवर ती बसली ती आजतागायत उठली नाही.

तिचं काम म्हणजे इकडचा आकडा तिकडे पोचवणं. टँकरच्या मीटरवरचा आकडा प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेचा टँकर पाठवणाऱ्यांकडे, तिथला कारखान्यात. त्यासाठी संघानं अठरा वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात अशा अकराशे त्रेचाळीस वाटा नोलीननं बांधल्या होत्या. एकेका वाटेला जॉब म्हणायचं. कुठला आकडा उचलायचा, कुठे टाकायचा, किती वाजता, हे सगळं एका डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणायचं. दूध टाक्यांमध्ये असायचं, दुधाची अक्कल रिपॉझिटरीत.

आता यात घोळ काय झाला, तर प्रत्येक जॉबला एक चौकट असते. तिचं नाव ‘वर्णन’. सॉफ्टवेअर शिकवायला ऑकलंडहून आलेल्या बाबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हा जॉब असा का आहे ते इथं लिहीत जा." साऱ्या जगात ही चौकट कोणी भरत नाही. नोलीननं भरली. बरं, खोटं लिहावं असं त्या बाबानं सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं खरं लिहिलं.

उदाहरणार्थ: ‘हा जॉब चार दहाला लावलाय, कारण चारला लावला की वॉरिकचा मासिक रिपोर्ट आडवा येतो. तो रिपोर्ट कोणी वाचत नाही. वॉरिकसुद्धा.’

किंवा: ‘दोन पुरवठादार, एक टाकी. चूक नाही. ब्राईस आणि जॅनिन मॅक्लिंटॉक यांनी फारकत घेतली आणि गाई वाटून घेतल्या. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दूध मात्र एकाच टाकीत पडतं. टँकर एकच पाठवायचा, पावत्या दोन. एकाच पावतीवर दोघांची नावं घातली तर दोघंही फोन करतात, आणि तो फोन तुम्हाला घ्यायचा नाहीये.’

किंवा नुसतंच: ‘तात्पुरती सोय. सातवं वर्ष.’

अशी सातशे बारा वर्णनं. उरलेल्या चारशे एकतीस जॉबवर सॉफ्टवेअरनं आपणहून टाकलेलं ‘नवा जॉब’ हेच वर्णन होतं, कारण त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. ही चौकट फक्त नोलीनच उघडायची. कुंपणापाशी उभं राहून शेजारणीशी बोलावं तशी ती तिच्याशी बोलायची, आणि शेजारीण अठरा वर्षं गप्प होती.

जुलैच्या पहिल्या सोमवारी वॉरिक स्प्राउलनं सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. वॉरिक हा नोलीनचा साहेब. इस्त्रीचा शर्ट, वर संघाचं जाकीट, आणि प्रत्येक गोष्टीचं पडद्यावर चित्र दाखवायची हौस. टेबलावर चीज रोलचं ताट होतं. पावाच्या कापात गुंडाळलेले, कांद्याच्या सूपची पूड घातलेले, लोण्यात न्हालेले. ते नोलीननंच आणले होते.

"तर," वॉरिक म्हणाला, "सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपल्या जुन्या डेटाबेसवर चालत नाही. म्हणजे रिपॉझिटरी उचलून दुसऱ्या डेटाबेसवर न्यायची. सगळं घरच हलवायचं. घर हलवताना आपण अडगळ नेत नाही. जे जॉब कोणी वापरत नाही ते गाळायचे. मारिसेल, ती यादी तू कर."

मारिसेल अबालोसनं मान हलवली. ती परदेशातल्या बटांगासची, वय एकोणतीस. नवरा गोअरजवळच्या एका शेतावर गाई पिळायचा आणि ही दोन महिन्यांपूर्वी नोलीनच्या शेजारच्या खुर्चीत आली होती. ऑगस्टमध्ये नोलीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन वर्षं रांगेत थांबून मिळालेली तारीख. पुढचे सहा आठवडे सगळे जॉब मारिसेलच्या हाती, आणि तेही नेमके पहिलं दूध सुरू होताना.

"आणि नव्या आवृत्तीतली सगळ्यात भारी गोष्ट!" वॉरिकनं चित्र बदललं. "प्रत्येक जॉबचं वर्णन आपोआप एका पानावर येणार. कोणीही शोधावं, कोणीही वाचावं. ड्रायव्हर, संचालक, सभासद शेतकरी, सगळ्यांना खुलं."

नोलीनचा घास तोंडातच राहिला. "सगळी वर्णनं?"

"सगळी. पारदर्शकता, नोलीन!"

"ते पान बंद ठेवता येतं का?"

"अगं, त्या पानासाठीच तर मंडळानं अपग्रेडला होकार दिला."

नोलीननं घास गिळला. जॅनिन मॅक्लिंटॉक तिच्याबरोबर दर गुरुवारी बोलिंगला असायची. ब्राईस तिला हिवाळ्यासाठी लाकडं आणून द्यायचा. इन्व्हरकार्गिलमध्ये कोणाशी वाकडं घेणं परवडत नाही; दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या रांगेत तुम्ही त्याच्याच मागे असता, आणि वारा असा असतो की रांगेतल्या माणसाच्या आडोशाला उभं राहावं लागतं.

घरी रॉयनं, म्हणजे नवऱ्यानं, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, "पुसून टाक."

"अठरा वर्षांचं?"

"तू माझी मासे पकडायला जायची टोपी फरशी पुसायला घेतलीस आणि मग जाळलीस. तीही अठरा वर्षांची होती."

पटण्यासारखं होतं. आधी रंगीत तालीम करायची होतीच. नोलीननं जुन्या रिपॉझिटरीची नक्कल काढली, त्या नकलेतल्या सातशे बारा चौकटी एका दमात कोऱ्या केल्या आणि सगळं नव्या डेटाबेसमध्ये ओतायला लावलं. चहा घेऊन परत येईतो पडदा लाल. सातशे बारा जॉब दाराबाहेर.

जुना डेटाबेस मायाळू म्हातारा होता. चौकट कोरी असली तर म्हणायचा, असू दे, नसेल सांगायचं. नवा होता सरकारी खिडकीवरच्या कारकुनासारखा. वर्णन नाही? मग जॉबही नाही. पुढचा!

"बरं बाबा," नोलीन पडद्याला म्हणाली, "हे घे." आणि तिनं सातशे बारा चौकटींत प्रत्येकी एक टिंब घातलं. कारकुनानं टिंब पाहिलं, रकाना भरलेला आहे एवढी खात्री केली आणि सगळ्यांना आत सोडलं. कारकून शेवटी कारकूनच.

वॉरिक खूश झाला. "किती स्वच्छ दिसतंय!"

"हो ना," नोलीन म्हणाली. आपल्याच घराला आपण चुना फासलाय आणि साहेब रंगाचं कौतुक करतोय, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी डुगलचा फोन आला. डुगल टँकर पाठवायच्या खोलीचा मुख्य. तालमीतून निघालेली टँकर-पावत्यांची यादी त्याच्याकडे तपासायला गेली होती. तो फोनवर ओरडत होता की हसत होता ते कळेना.

"नोलीन! तुझ्या त्या नव्या पोरीनं मॅक्लिंटॉकांचं पुन्हा लग्न लावून दिलंय!"

"काय?"

"एकच नाव, एकच पावती, ‘मॅक्लिंटॉक बी. आणि जे.’! आहेर काय करायचा ते सांग. ही यादी ऑगस्टात खरी निघाली असती तर जॅनिननं माझा टँकर फाटकात अडवून ठेवला असता, आणि ब्राईसनं त्याला मागून कुलूप घातलं असतं."

नोलीन खुर्ची फिरवून मारिसेलकडे वळली. मारिसेल तिला ‘आते’ म्हणायची. तिच्याकडे थोरल्या बहिणीला असंच म्हणतात.

"मॅक्लिंटॉक एकत्र कोणी केले?"

"मी. टाकीचा नंबर एकच होता, आते. दोनदा नोंदलं गेलंय असं वाटलं."

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारण्याआधी वर्णन बघ, असं तूच शिकवलंस. मी बघितलं. तिथं टिंब होतं."

नोलीननं जुनी रिपॉझिटरी उघडून मूळ वर्णन दाखवलं. मारिसेलनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. दुसरं उघडलं. तिसरं. मग हसायची थांबली.

"असं किती ठिकाणी आहे?"

"सातशे बारा."

"आणि तू सगळ्यांवर टिंब घातलंस? आते, ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी इथं मी एकटी असणार. तू भूल घेऊन झोपलेली असणार. मी टिंबाला विचारू?"

"मी सभ्य भाषेत पुन्हा लिहिते," नोलीन म्हणाली.

तीन दिवस ती सभ्य भाषेत लिहीत बसली. मॅक्लिंटॉकांचं झालं: ‘कौटुंबिक पुनर्रचनेच्या अनुषंगाने पुरवठा-बिंदू सामायिक.’

मारिसेलनं ते दोनदा वाचलं. "म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. म्हणून तर सभ्य आहे."

खरी पंचाईत ही होती की दुधाच्या वाटेवरची प्रत्येक वाकडी गोष्ट कोणा ना कोणा माणसामुळेच वाकडी झालेली होती. माणूस काढला की वाकडेपणा तसाच राहायचा, त्यामागचं कारण तेवढं जायचं. अमक्या शेतावर साडेसहाच्या आधी टँकर का नाही? कारण तिथल्या म्हाताऱ्याची कुत्री साडेसहापर्यंत मोकळी असतात, आणि त्यानं ती त्याआधी बांधायला नकार दिलाय. ‘परिसरातील प्राणी-जोखीम’ असं लिहिलं की पुढचा शहाणा पाचलाच टँकर पाठवणार.

चौथ्या दिवशी तिनं मोजदाद केली. जिवंत आणि चिडू शकतील अशी माणसं एकेचाळीस. सरळ जाऊन सांगायचं, दुसरा इलाज नव्हता. तिनं चीज रोलचे चार ट्रे भाजले आणि गाडी काढली. या मुलखात कोणाच्याही दारात रिकाम्या हातानं जायचं नसतं, शिव्या खायला तर मुळीच नाही.

ब्राईसनं गमबूट न काढता, दारातच कागद वाचला.

"‘एकमेकांशी बोलत नाहीत’ हे खोटं आहे," तो म्हणाला. "वाढदिवसाला बोलतो."

"बरं. दुरुस्त करते."

"तिच्या वाढदिवसाला. माझ्या नाही."

अंगण ओलांडून पलीकडच्या घरात जॅनिननं चष्मा लावून वाचलं. "‘एक टाकी’ काय? माझी टाकी! माझ्या वडिलांनी घेतलेली. ते घाल. आणि त्यानं किती रोल खाल्ले?"

"तीन."

"मला चार दे."

असं करता करता वर्णनं लांबतच गेली. कुत्रीवाल्या म्हाताऱ्यानं कुत्र्यांची नावं घालायला लावली. केल्व्हिन नावाचा ड्रायव्हर रुसला. बावीस वर्षं टँकर चालवून आपल्यावर एकच ओळ, आणि तीही ‘उतारावर मीटर वाचू नये हे याला सांगावं’ एवढीच? मात्र ओरेपुकीच्या एका माणसानं कागद वाचून शांतपणे घडी केली, परत दिला आणि दार लावून घेतलं. रोलही घेतले नाहीत. नोलीननं गाडीत बसल्याबसल्याच पेन काढलं. त्या वर्णनातून त्याचं नाव, शेत, दारू सगळं गेलं. उरलं ते फक्त ‘आधी फोन करावा’. तेवढं पुरेसं होतं. तेवढंच पहिल्यापासून लिहायला हवं होतं, हेही तिला कळलं.

राहिला वॉरिक. त्याची वर्णनं एकोणीस. ती तिनं छापली आणि दहाच्या चहाची वेळ साधली, कारण तेव्हा त्याच्या तोंडात काहीतरी असतं.

"हे काय?"

"तुझी वर्णनं. नव्या पानावर दिसणार आहेत. आधी तू बघ."

वॉरिकनं पहिलं वाचलं आणि लाल झाला. "मी तो रिपोर्ट वाचतो!"

"उघडल्याची नोंद राहते, वॉरिक. अकरा वर्षांत दोनदा. त्यातही एकदा तू छापायला लावलास आणि कागद संपला."

तो पुढे वाचत गेला. ‘तात्पुरती सोय’पाशी त्याला हसू आलं, ते त्यानं खोकला म्हणून खपवलं. ‘वॉरिकला हिरवा बाण हवा आहे. बाणाला अर्थ नाही, पण हिरवा ठेवावा,’ इथं त्यानं चष्मा काढून पुसला. एकोणिसाव्यापाशी मात्र तो थांबला.

ते असं होतं: ‘हा जॉब रविवारी दुपारी दोनला चालतो. या आकड्यांची संघाला काही गरज नाही. बायको लिनेट निघून गेल्यापासून वॉरिकला रविवारी दुपारी काय करावं ते सुचत नाही, म्हणून तो आकडे मागतो. बंद करू नये.’

मारिसेलच्या गाळायच्या यादीत हा जॉब वरून तिसरा होता. वापरणारे: एक.

"सहा वर्षं," वॉरिक म्हणाला, "हा फक्त मीच उघडतो?"

"हो."

"गाई आटलेल्या असतानाही तो येतो. सगळे शून्य असतात."

"शून्यंही वेळेवर येतात ना?"

वॉरिकनं ते कागद नीट जुळवले. नोलीनच्या मनात आलं, आता हा मला काढणार. गुडघ्याच्या आधी की नंतर, एवढाच प्रश्न. निदान नंतर काढावं, काठी टेकत घरी जाताना जरा शोभा तरी येईल.

"वर्णन काढ," तो शेवटी म्हणाला. "जॉब राहू दे."

"वर्णन कोरं ठेवता येत नाही. नवा डेटाबेस घेत नाही."

"मग टिंब घाल."

"टिंब घातलं की मारिसेल गाळेल. तुझाच नियम आहे. आणि बरोबर करेल ती."

वॉरिकनं तिच्याकडे पाहिलं. मग उठून तिच्या टेबलापाशी गेला, तिच्याच खुर्चीत बसला आणि दोन बोटांनी टाइप करायला लागला. त्याला बराच वेळ लागला. नोलीन मागे उभी राहून बघत होती. गुडघा ठणकत होता, पण खुर्ची मागायची ही वेळ नव्हती.

‘हे आकडे वॉरिक स्प्राउल रविवारी बघतो. त्याला बरं वाटतं. गाळू नये.’

"‘बरं वाटतं’ हे सभासदांना दिसेल," नोलीन म्हणाली.

"दिसू दे." तो उठला आणि जाकीट सारखं केलं. "पारदर्शकता. आणि त्या मासिक रिपोर्टचा जॉब गाळ. कोणी वाचत नाही तो."

पुढच्या शनिवारी सकाळी रिपॉझिटरी हलली. मासिक रिपोर्ट धरून एकोणसाठ जॉब अडगळीत गेले, बाकीचे सगळे आपापली बडबड काखेत घेऊन नव्या डेटाबेसमध्ये शिरले. कारकुनानं एकालाही अडवलं नाही. फक्त मॅक्लिंटॉकांचं वर्णन चौकटीत मावेना. जॅनिनच्या वडिलांच्या टाकीबद्दलचं एक वाक्य कापावं लागलं, आणि त्याबद्दल जॅनिन अजूनही ऐकवते.

ऑगस्टात पहिलं दूध निघालं त्या सकाळी नोलीन घरी होती. पाय उशीवर, फोन मांडीवर, आवाज मोठ्यात मोठा. सात वाजले. आठ वाजले. नऊपर्यंत तिनं रॉयला दोनदा फोन तपासायला लावलं. अकराला तिच्यानं राहवेना. तिनंच लावला.

"काय झालं?"

"काही नाही, आते," मारिसेल म्हणाली. मागे डुगल कोणावर तरी ओरडत होता, म्हणजे सगळं ठीक होतं. "कुत्रीवाल्याच्या शेताचा जॉब अडकला होता. वर्णन वाचलं, सोडवला."

"मॅक्लिंटॉक?"

"अजून वेगळेच."

"मग मी इथं काय करू?"

"गुडघा वाकव. आणि ऐक, पानावरचं वर्णन वाचून वॉरिकचा रविवारचा रिपोर्ट काल दोनशे सहा जणांनी उघडला. ब्राईसनं दोनदा. वॉरिक वैतागलाय. म्हणतो, माणसाला रविवारी निवांत एकटं बसूही देत नाहीत."

नोलीननं फोन खाली ठेवला, रॉयला चहा टाकायला सांगितला आणि गुडघा वाकवून पाहिला. वाकला नाही. मग तिनं रॉयकडून लॅपटॉप मागवला आणि रविवारच्या जॉबचं वर्णन उघडलं. वॉरिकच्या तीन वाक्यांखाली तिनं चौथं जोडलं: ‘ब्राईस, एकदा बघितलंस की पुरे.’